टेबल डुगडुगतंय? पायाखाली पुठ्ठा घालायच्या आधी हे बघा

फर्निचर बसवायच्या लायनीत मला सोळा वर्षं झाली, आधी हेल्पर म्हणून पाने उचलायचो, आता साइट सांभाळतो. आयटीवाल्यांची ऑफिसं केली, बँकांच्या शाखा केल्या आणि अलीकडे जास्त करून कॉलेजं आणि विद्यापीठं, म्हणजे कॉम्प्युटर लॅब, लायब्ररी, स्टाफरूम असलं काम. आणि काम कितीही चोख केलं तरी हँडओव्हरनंतर महिन्या-दोन महिन्यांत फोन येतोच, "अहो ते टेबल हलतंय". जाऊन बघावं तर पायाखाली चार घड्या घातलेला कागद, कॉलेज असेल तर जुन्या उत्तरपत्रिकेची पुरवणी. कोणी घातला विचारलं की सगळे मामांकडे बघतात आणि मामा छताकडे.

तो कागद आधी काढा. कागद दबतो, फरशी पुसताना भिजतो, आठ दिवसांत टेबल परत हलायला लागतं आणि त्या आठ दिवसांत हलून हलून वरचे स्क्रू ढिले झालेले असतात. म्हणजे जिथे पायाचा बोल्ट दोन फेरे फिरवून भागलं असतं तिथे आता होल भरायचं काम निघालं. खरं सांगायचं तर हलणाऱ्या टेबलांत खराब टेबलं फार कमी असतात, एक तर जमिनीशी पायांचं जमलेलं नसतं नाहीतर जोडताना क्रम चुकलेला असतो, आणि दोन्ही गोष्टी तुम्हाला स्वतःला बघता येतात.

कसं हलतंय ते आधी ओळखा

पाना हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटं नुसतं हलवून बघा, कारण प्रत्येक हलण्याची जात वेगळी असते.

कोपरा दाबला की टक्क आवाज करून खाली जातो आणि सोडला की समोरचा तिरका कोपरा खाली बसतो, हे जमिनीचं किंवा पायाच्या लेव्हलरचं (तळाच्या फिरणाऱ्या बुटाचं) दुखणं. चारही पाय जमिनीला टेकलेत पण टाइप करताना सगळं टेबल डावी-उजवीकडे झुलतं, मॉनिटर मान हलवल्यासारखा हलतो, तर फ्रेमचे बोल्ट ढिले आहेत किंवा पुढची मॉडेस्टी पॅनल म्हणजे पायांसमोरची ती उभी फळी काढलेली आहे. फ्रेम घट्ट आहे पण नुसता वरचा टॉप सरकतो किंवा कुरकुरतो, तर टॉपचे स्क्रू पार्टिकल बोर्डात सुटलेत. तुम्ही गप्प बसलाय आणि शेजारचा बसला-उठला की तुमचं टेबल हलतं, तर सहा-आठ सीटचा जोडलेला क्लस्टर असणार आणि दोष बहुतेक तुमच्या सीटखाली नाहीच, मधल्या कुठल्यातरी कॉमन पायात आहे. आणि पावसाळ्यानंतर अचानक सुरू झालं असेल तर आधी बोर्डाच्या कडा बघा, फुगल्यात का.

एक हलणं मात्र दुखणं नाही. बटणावर वर-खाली होणारं टेबल पूर्ण उंचीवर नेलं की थोडं झुलतंच, पाय लांब झाला की असं होणारच. खाली आणल्यावरसुद्धा झुलत असेल तरच पुढे वाचा.

टेबल दोन फूट सरकवा (खर्च शून्य)

टेबल सुटं असेल तर वरचं सामान उतरवा आणि दोन-तीन फूट बाजूला उचलून ठेवा, ओढू नका, ओढलं की पाय वाकतो. नव्या जागी हलणं थांबलं किंवा वेगळ्या कोपऱ्याला गेलं तर दोष जमिनीचा. दोन-तीन जागी ठेवून तेच दोन कोपरे त्याच तऱ्हेने हलतात तर दोष टेबलात.

बरेच जण टेबल जागच्या जागी अर्धं फिरवून बघतात, त्याने काही म्हणजे काही कळत नाही. चार पायांचं टेबल नेहमी कर्णावर डुगडुगतं आणि अर्धा फेरा दिला की कर्ण तोच राहतो, जमीन वाकडी असो नाहीतर टेबल, दोन्हीकडे सारखंच हलणार. मी स्वतः पहिली दोन-तीन वर्षं असंच फिरवत बसायचो, एका म्हाताऱ्या सुतारबाबांनी हसून सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं.

जुन्या इमारतीत शहाबादी किंवा कोट्याची फरशी असेल तर दोन फरश्यांमध्ये एक-दोन सूत फरक सर्रास असतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी). नव्या ऑफिसात खालून वायरिंग गेलेली उचललेली फरशी असते, तिथे टेबलाला हात लावायच्या आधी पायाजवळच्या टाइलवर स्वतः उभे राहून वजन इकडून तिकडे टाका. टाइलच हलत असेल तर टेबल बिचारं काय करणार, फ्लोअरिंगवाल्याला बोलवा.

लेव्हलर फिरवा (खर्च एक पाना)

पायाच्या तळाला जो फिरणारा गोल बूट असतो तो लेव्हलर, कितीतरी लोकांना माहीतच नसतं की तो फिरतो. कोणता पाय अधांतरी आहे हे बघायला साधा ए-४ कागद घ्या, तो साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, एकेका पायाखाली सरकवून बघा. जिथे सहज जातो तो पाय वर आहे. तिथला लेव्हलर पानाने किंवा हाताने खाली काढा, कागद अडकला की थांबा. एम-८ चा लेव्हलर एका पूर्ण फेऱ्यात सव्वा मिमी सरकतो आणि एम-१० चा दीड मिमी, म्हणजे एक सुताचा फरक दोन-अडीच फेऱ्यांत भरून निघतो.

टेबल उलटं करून लेव्हलर फिरवू नका, हा सगळ्यात जास्त बघितलेला गाढवपणा, अंदाजाने चारही सारखे बाहेर काढायचे आणि सरळ करून ठेवायचं. जमीन सारखी नसते म्हणूनच तर लेव्हलर दिलेत. टेबल उभं असताना एक माणूस कोपरा किंचित उचलेल आणि दुसरा फिरवेल, असं करा. आणि लेव्हलर फार बाहेर काढायचा नाही, एम-८ चे निदान आठ-दहा मिमी आटे आत राहिले पाहिजेत, नाहीतर टेबलाला कोणी टेकलं की बोल्ट वाकतो. तेवढ्याने पुरत नसेल तर तो पाय सोडा आणि त्याच्या दोन्ही शेजारचे पाय थोडे आत घ्या. वर चेक नट असेल, म्हणजे लेव्हलर जागच्या जागी धरून ठेवणारा जादा नट, तर शेवटी तो घट्ट करायचा, तो ढिला राहिला की टेबल हलता हलता लेव्हलर आपोआप फिरतो आणि पंधरा दिवसांनी तुम्ही परत तिथेच.

डुगडुग थांबली तरी टॉपवर पाणसळ ठेवून बघा. डुगडुग न करणारं टेबलसुद्धा एका बाजूला कललेलं असू शकतं आणि मग पेडेस्टलचा ड्रॉवर आपोआप उघडतो, पेन घरंगळतं.

पेडेस्टलवरून आठवलं. फिक्स पेडेस्टल असेल, म्हणजे टॉपला खालून स्क्रूने लावलेलं ड्रॉवरचं युनिट, तर त्यालाही स्वतःचे लेव्हलर असतात. ते कोणी जास्त वर केलेले असले की टॉप पेडेस्टलवर चढतो आणि शेजारचा पाय हवेत लटकतो. लोक त्या पायाला दोष देत बसतात. आधी पेडेस्टल खाली घ्या, पाय टेकू दे, मग पेडेस्टल नुसतं टॉपला भिडेल एवढंच वर आणा.

क्लस्टरला एकेक सीट पकडून लेव्हल करायला गेलात तर संध्याकाळ होईल, एक बसवलं की दुसरं उठतं. तिथे आधी सगळ्या लांबीत जमिनीचा सगळ्यात उंच भाग कुठे आहे तो शोधायचा, लेझर लेव्हल असली तर उत्तम, नसली तर लांब सरळ पट्टी आणि पाणसळ. त्या उंच जागेवरचा पाय जवळजवळ पूर्ण आत ठेवायचा आणि तिथून दोन्ही बाजूंना बाकीचे पाय खाली काढत जायचं. उलट केलं, म्हणजे खोलगट जागेपासून सुरू केलं, तर शेवटच्या सीटला लेव्हलर आत जायला जागाच उरत नाही.

इथे एक किस्सा सांगतोच. एका विद्यापीठात तीस सीटची कॉम्प्युटर लॅब होती, दोन दिवस घालून आम्ही सगळी रांग लेझरवर आणली, सह्या झाल्या, चहा झाला. तिसऱ्या दिवशी कार्पेट टाइलवाले आले. त्यांचं काम आमच्या आधी होणार होतं पण माल उशिरा आला, आणि त्यांनी एकेक टेबल उचलून खाली टाइल सरकवली, जिथे उचलता आलं नाही तिथे पायाभोवती कापली. म्हणजे अर्धे पाय कार्पेटवर आणि अर्धे फरशीवर. आठवड्याने लॅब असिस्टंट मॅडमचा फोन, टेबलांची क्वालिटी फार खराब आहे म्हणाल्या! तेव्हापासून फ्लोअरिंग पूर्ण झाल्याशिवाय मी टेबल उघडत नाही, मग प्रोजेक्ट मॅनेजर कितीही ओरडू दे. आणि मापंसुद्धा ड्रॉइंगवरून घेत नाही, प्लास्टर आणि स्कर्टिंग झाल्यावर टेप लावतो, कारण स्कर्टिंगच दहा-बारा मिमी खातं आणि भिंतीत ठासून बसवलेली रांग कधीच सरळ उभी राहत नाही.

बोल्ट, पण क्रमाने (खर्च ॲलन कीचा सेट)

चारही पाय टेकलेत तरी झुलतंय तर बोल्ट ढिले आहेत. पण लगेच जो दिसेल तो आवळत सुटू नका. शिफ्टिंगवाले हेच करतात, एक पाय पूर्ण आवळला, मग दुसरा, मग तिसरा, आणि चौथ्याला होल जुळत नाही म्हणून गुडघा लावून दाबून बोल्ट घातला. ती फ्रेम त्या क्षणापासून पिळलेली असते आणि पिळलेली फ्रेम कुठल्याही जमिनीवर डुगडुगते.

सगळे बोल्ट अर्धा-एक फेरा ढिले करा, काढू नका. टेबल पायांवर उभं असू दे, लेव्हलर टेकलेले असू देत. आता कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. १२०० बाय ६०० च्या टॉपचा कर्ण साधारण १३४२ मिमी येतो, पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. टॉप फॅक्टरीत कापलेला असतो त्यामुळे तो काटकोनातच असतो, म्हणून फ्रेमचे कर्ण मोजा, पायांच्या बाहेरच्या कडा धरून. फरक असेल तर लांब कर्णाचे कोपरे हाताने दाबून सारखे करा आणि मग समोरासमोरचे, तिरके असे आळीपाळीने आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. दोन फेऱ्यांत आवळायचं, पहिल्यांदा बेताचं, दुसऱ्यांदा घट्ट.

ॲलन की बरोबर मापाची वापरा, गोल डोक्याच्या एम-६ बोल्टला ४ ची आणि एम-८ ला ५ ची लागते, सैल की घातली की खाच गोल होते आणि मग तो बोल्ट ग्राइंडरशिवाय निघत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामाला आणू नका, हाताने आवळलेला बोल्ट पुरतो.

मॉडेस्टी पॅनल कोणी काढली असेल तर ती शोधून परत लावा. लोकांना वाटतं ती नुसती पाय झाकायला असते, पण बऱ्याच टेबलांत तीच दोन पायांना तिरकं होण्यापासून धरून ठेवते. पंख्याची हवा लागत नाही म्हणून एका स्टाफरूममध्ये सगळ्या सरांनी काढून कपाटामागे ठेवल्या होत्या. सगळी टेबलं झोपाळा. परत लावल्या, दुसरं काही केलं नाही.

लाकडी पाय असलेल्या टेबलात मिनीफिक्स असतो, तो गोल चकतीचा लॉक. तो स्क्रूसारखा गोल गोल फिरवत बसायचा नाही, चकतीवरचा बाण आधी बोल्टच्या दिशेला आणायचा आणि मग अर्ध्या फेऱ्यापेक्षा किंचित जास्त, घट्ट लागला की बस. अजून जोर लावलात तर चकती फुटते, ती मऊ धातूची असते.

स्क्रू नुसताच फिरतोय

टॉपचा स्क्रू फिरतो फिरतो पण आवळत नाही, म्हणजे बोर्डातले आटे गेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे शेवटी डिंकाने दाबलेला भुसा, एकदा स्क्रूने आत चर पाडला की त्याच भोकात दुसऱ्यांदा तीच पकड मिळत नाही, म्हणून शिफ्ट झालेल्या ऑफिसात हे दुखणं जास्त.

मोठा स्क्रू ठोकायचा मोह आवरा. १८ मिमीच्या टॉपला १६ मिमीच्या पुढचा स्क्रू नकोच, ब्रॅकेटची जाडी धरली तरी, आणि २५ च्या टॉपला २५ च्या आत. लांब घेतलात तर वरच्या लॅमिनेटवर फोड येतो किंवा टोक बाहेर येतं, आणि टॉप गेला. काडेपेटीची काडी आणि फेव्हिकॉल हा सगळ्यांचा आवडता जुगाड, परीक्षेपुरता चालतो, वर्षभर नाही.

टिकणारे दोन उपाय. पहिला सोपा, ब्रॅकेट इंचभर सरकवून नवीन जागी आधी बारीक होल पाडा, ४ मिमीच्या स्क्रूला अडीच-तीनचं ड्रिल, आणि तिथे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने लावा. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळा म्हणजे किती खोल गेलं ते कळतं. दुसरा, जुनं होल ८ किंवा १० मिमीने साफ करून त्यात लाकडी डॉवेल म्हणजे गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, चोवीस तास हात लावू नका, मग डॉवेलमध्ये नवीन होल. चोवीस म्हणजे चोवीस, संध्याकाळी ठोकून सकाळी टेबल भरायचं नाही.

वॉरंटी चालू असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, एक होल तुम्ही पाडलंत की कंपनी हात वर करते. फोटो काढा आणि तक्रार टाका.

कड फुगलेली असेल, बोटाने दाबली की भुसभुशीत लागते, तर तिथे उपाय नाही. पाणी प्यायलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी परत पहिल्यासारखा होत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही. तो भाग बदलायचाच. आणि बदलताना पाणी कुठून आलं ते बघा, एसीचा ड्रेन, खिडकी, नाहीतर रोजची बादलीभर पाण्याने फरशी पुसणं. कोकणातल्या एका कॉलेजात तिसऱ्यांदा पॅनल बदलायला गेलो तेव्हा सांगून टाकलं की पॅनल खालून दोन इंच उचलून लावा आणि कडेला २ मिमीचं एज बँडिंग म्हणजे कड झाकणारी पट्टी करून घ्या, नाहीतर मी दर जूनला येतोच.

इथे थांबा

आता जे सांगतो ते स्वतः करायचं नाही.

पायाचं वेल्डिंग तडकलंय किंवा पाय वाकलाय: टेबल रिकामं करा, बाजूला ठेवा, फॅब्रिकेटरला द्या. जागेवर वेल्डिंग करायला कोणी आलं तर कार्पेट आणि वायरींजवळ करू देऊ नका.

क्लस्टर सरकवायचाय आणि खालून वायरी आल्यात: टेबलाच्या रेसवेमध्ये, म्हणजे वायरी नेणाऱ्या पत्र्याच्या पन्हळीत, २३० व्होल्ट असतात. एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनने वायर सोडवली की मगच हात लावा. रेसवेच्या पत्र्यात स्क्रू तर कधीच मारू नका, पलीकडे काय आहे ते दिसत नाही.

टेबल हलतंय म्हणून जमिनीला अँकर मारू असं कोणी म्हणालं तर आधी बिल्डिंगवाल्यांना विचारा. बऱ्याच नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, ड्रिल त्यावर गेलं तर प्रकरण टेबलाच्या बाहेर जातं. फरशीखाली पाइप-कंड्युट असतील ते वेगळंच.

केमिस्ट्री लॅबचं टेबल, ज्याला पाणी किंवा गॅसची लाइन जोडलेली आहे, ते हललं तरी लेव्हलरलासुद्धा हात नाही. लाइन बंद करून जोडणी सोडवणारा माणूस आधी.

आणि लायब्ररीचे रॅक. टेबल हललं तर चहा सांडतो, रॅक हलला तर माणूस जातो. एका मीटर शेल्फवर पुस्तकं सहज पंचवीस-तीस किलो भरतात, सहा-सात शेल्फ धरा आणि रांगा धरा. रॅक कललेला दिसला तर त्या गल्लीत मुलांना जाऊ देऊ नका, वरच्या शेल्फपासून पुस्तकं उतरवा आणि बसवणाऱ्याला बोलवा, भरलेल्या रॅकचा लेव्हलर फिरवायचा प्रयत्न करू नका. त्यातून साधी ऑफिसची खोली लायब्ररी केलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा. आयएस ८७५ म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागात स्टोअरेज वेगळं असलेल्या ऑफिसच्या साध्या खोलीला चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भार धरतात आणि पुस्तकांच्या स्टॅकरूमला ६ पासून सुरुवात, म्हणजे दुपटीहून जास्त. रॅक का कलला याचं उत्तर कधीकधी रॅकखाली असतं.

मेकॅनिकला फोन करताना नुसतं "टेबल हलतंय" सांगू नका, तो अंदाजाने काहीतरी घेऊन येतो आणि सामान आणायला परत जातो, त्याचा दिवस आणि तुमचे व्हिजिटचे पैसे. कोणता कोपरा, कोणत्या दिशेला हलतं, दोन फूट सरकवून फरक पडला का, टॉप १८ चा की २५ चा, लेव्हलरचा आणि ब्रॅकेटचा खालून एकेक फोटो, आणि क्लस्टर असेल तर कितव्या सीटचा पाय, एवढं व्हॉट्सॲपवर टाका. आणि हो, कागद काढून मग फोटो काढा.